चारही अध्याय, म्हशींसकट

मी, श्रीमती विनिता शिवराम रणनवरे, वय वर्षे एकाहत्तर, धर्म ख्रिस्ती, धंदा पूर्वी लग्नाचे व्हिडिओ काढणे व हल्ली लोकांच्या चुका काढणे, राहणार कात्रप, बदलापूर पूर्व, आज पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही धाकाला किंवा गोड बोलण्याला बळी न पडता, हे माझे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि त्यांच्या भिंतीवरचे कॅलेंडर मागच्या महिन्याचे आहे तेही सांगितले. दाखला लगेच मिळाला.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. केल्याची धमकी मात्र पुष्कळांना दिलेली आहे. त्या सर्व धमक्या या लेखाने रद्द समजाव्यात.

१. कात्रपचा माझा फ्लॅट, त्यातील भांडीकुंडी, कपाटे आणि गॅलरीतल्या कुंड्या माझी भाची तेजस्वी हिला द्याव्यात. तेजस्वी ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. अंबरनाथला राहते, दर रविवारी उपासनेनंतर मला भेटायला येते आणि चहा पिता पिता स्वयंपाकघराच्या भिंतीवर नजरेनेच मॉड्युलर किचन बसवते. बसव बाई, पण मी गेल्यावर. पोरगी मनाने चांगली आहे, म्हणून या मृत्युपत्राची एक्झिक्युटरही मी तिलाच नेमते. बँकेतल्या ठेवीतून माझे दफन, लोकांचे जेवण आणि थडग्याचा दगड यांचा खर्च भागवावा. उरेल ते तिचे.

२. माझे यजमान कै. शिवराम यांचा उल्हासनगर कॅम्प ५ मध्ये फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ होता. ते शूटिंग करीत आणि मी मागे बसून एडिटिंग करीत असे. सिंध्यांची लग्ने, आगऱ्यांच्या हळदी, आमच्या लोकांची लग्ने, सगळ्यांच्या सगळ्या आत्या-माम्या मी कापून कमी केल्या आहेत आणि तरी कोणाला कळू दिलेले नाही. स्टुडिओ भाड्याचा होता, तो सुटला. उरलेला कॅमेरा, ट्रायपॉड आणि दिवे तेजस्वीलाच द्यावेत. अट अशी की, तो कॅमेरा उभा धरून काहीही शूट करू नये. देवाने माणसाला डोळे शेजारी-शेजारी दिले आहेत, एकावर एक दिलेले नाहीत.

३. आता मुख्य मालमत्तेकडे वळते. ती म्हणजे मी बनवलेला 'योना' हा सिनेमा. तो कोणाच्या हाती पडतो यावर माझा आत्मा शांत राहील की नाही ते ठरणार आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. वकीलबाईंनी घड्याळाकडे पाहू नये.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पवित्र शास्त्रात योनाचे एक चिमुकले पुस्तक आहे, चार अध्यायांचे. देव योना नावाच्या संदेष्ट्याला सांगतो, निनवे शहरात जा आणि तुमचा नाश होणार असे त्यांना बजाव. निनवे म्हणजे त्याच्या शत्रूंचे शहर. योना उलट्या दिशेचे जहाज पकडतो. पुढे वादळ, समुद्र आणि योनाला गिळून पुन्हा किनाऱ्यावर ओकणारा मासा, हे शेंबड्या पोरालाही पाठ असते. मग तो झक मारत निनवेला जातो. तिथले लोक घाबरून पश्चात्ताप करतात आणि देव त्यांना माफ करून टाकतो. इथे तिसरा अध्याय संपतो आणि सगळे सिनेमावाले दिवे लावून मोकळे होतात.

पण चौथा अध्याय आहे ना! त्यात योना देवावरच भडकतो. माझ्या शत्रूंना माफ केलेच कसे, म्हणून शहराबाहेर जाऊन रुसून बसतो आणि यापेक्षा मला मरण दे म्हणतो. देव त्याच्या डोक्यावर सावलीसाठी एक वेल वाढवतो आणि दुसऱ्या दिवशी किडा पाठवून तो वाळवतो. योना वेलासाठी हळहळतो आणि पुन्हा मरण मागतो. तेव्हा देव विचारतो, तुला एका वेलाचे इतके वाईट वाटते, तर एवढ्या मोठ्या शहराचे, त्यातल्या अजाण माणसांचे आणि गुराढोरांचे मला वाईट वाटू नये का? इथे पुस्तक संपते. योनाने काय उत्तर दिले ते लिहिलेले नाही.

हे पुस्तक मी संडे स्कूलमध्ये आयुष्यभर शिकवले. शिवराम गेल्यावर हाताशी वेळ आणि कॅमेरा दोन्ही होते, म्हणून ठरवले की याचा सिनेमा करायचा. नियम एकच. पुस्तकात आहे ते सोडायचे नाही आणि नाही ते घालायचे नाही.

जहाज आमच्या सोसायटीमागच्या अर्धवट बांधकामावर ताडपत्री टाकून केले. वादळासाठी पाण्याचा टँकर मागवला. पाण्याची धार सुरू झाली तशा सोसायटीतल्या बायका बादल्या घेऊन थेट वादळात घुसल्या. नीट पाहिले तर आजही एका खलाशाशेजारी गाऊनवरची बाई आणि निळी बादली दिसते. जहाजातले पाणी उपसायला बादली लागलीच असणार, असा माझा खुलासा आहे. गाऊनबद्दल माझ्याकडे खुलासा नाही.

माशाचे पोट कॅम्प ५ च्या हितेश टेलरने शिवले. तो जीन्स शिवायचा, त्यामुळे कारखान्यातल्या चिंध्यांचे डोंगर त्याच्याकडे होतेच. आतून बाहेरून जीन्सचा मासा आणि दुहेरी टाके. योना आत गेला की शिवणीतून उजेड यायचा, तो इतका सुंदर की मला रडू आले.

खरी पंचाईत निनवेत झाली. पुस्तकात स्पष्ट म्हटले आहे की राजाच्या हुकमाने माणसांनीच नव्हे तर जनावरांनीही गोणपाट पांघरले आणि सगळ्यांनी उपास केला. म्हणजे म्हशींना कपडे आले. मी हितेशला सांगितले, तेव्हा तो मला म्हणाला, "भाभी, भैंस का माप कैसे लूं? कमर लिहू, लेंथ लिहू, ते ठीक. चेन लावायची का?" म्हशी होत्या मांजर्लीच्या कोंडाजीच्या. तो म्हणाला, म्हशी देतो, पण राजा मीच होणार. झाला. तसा राजा निनवेलाही मिळाला नसेल. पश्चात्तापासाठी राखेत बसला तो उठेचना.

निनवेचे लोक म्हणून मांजर्लीच्या आगरी मंडळींचे अख्खे कुटुंबकबिले आले. त्यांना मी समजावले की हा उपासाचा सीन आहे, पाणीसुद्धा प्यायचे नाही. एक म्हातारी म्हणाली, "आमच्या उपासाला साबुदाना असतो." दुसरी म्हणाली, "आन नाचायचा कधी?" पश्चात्ताप करायला बसलेली माणसे हळदीला आल्यासारखी खांदे उडवत होती, ते थांबवता थांबवता माझा घसा बसला. म्हशींनी मात्र पुस्तकाप्रमाणे केले. त्या रवंथ करीत होत्या हे खरे, पण उपासाला रवंथ चालतो. त्यात नवीन काही खात नाहीत, जुने आठवतात.

वेल पुतळाबाईंच्या दारातला, दुधीचा. पुतळाबाई म्हणजे ज्याने योनाचे काम केले त्या चंदूची आई. किडा लागून वेल वाळल्याचे दाखवायचे होते. पुतळाबाई म्हणाल्या, "तुमच्या देवानं मारला आसंल. माझ्या दारात कुनी मारायचा नाय." मग आम्ही दुध्या संपून वेल आपोआप वाळेपर्यंत थांबलो. तोवर चंदूची दाढी वाढवत ठेवली. एकदा तो ओट्यावर बसून मरण मागत होता, कॅमेरा चालू होता, आणि पुतळाबाई आतून ओरडल्या, "मरन नंतर माग, आधी मासली घेऊन ये!" योनाही हसला, मीही हसले. तो टेक फुकट गेला.

४. जीन्सचा मासा माळ्यावर आहे. तो संडे स्कूलला द्यावा. मुलांना पोटात बसू द्यावे. मोठ्या माणसांनी आत जाऊ नये, शिवणी उसवतील.

५. आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, सेक्रेटरी श्री. प्रभाकर आढाव यांनी लोकांना दाखवण्याआधीच सिनेमा पाहून मला दोन सूचना केल्या होत्या. म्हशी काढाव्यात, कारण लोक हसतील, आणि शेवटी योना देवाची क्षमा मागून गुडघे टेकतो असा एक सीन घालावा, कारण लोकांना बरे वाटेल. मी म्हटले, "आढावसाहेब, देवाच्या तोंडचा शेवटचा शब्द गुराढोरांबद्दल आहे. म्हशी कापल्या तर देव काय बोलणार?" ते म्हणाले, "मॅडम, भावना समजून घ्या." श्री. आढाव यांना माझ्याकडून म्हशीचा एक गोणपाटाचा पोशाख, स्वच्छ धुऊन, इस्त्री करून द्यावा. मोठे माप निवडावे. पश्चात्तापाच्या वेळी ऐनवेळी धावपळ नको.

६. श्री. चंदू भोपी, राहणार मांजर्ली, बदलापूर पश्चिम, यांस काहीही देऊ नये.

याचे कारण लिहून ठेवणे मला भाग आहे, नाहीतर लोक म्हणतील म्हातारी चळली. चंदू आमच्याकडे पोरसवदा असताना दिवा धरायला आला, एडिटिंग शिकला, आणि शिवराम गेल्यावर त्याच्या भरवशावर मी सिनेमा केला. योना त्यालाच केले, कारण रुसलेले तोंड त्याला अभिनय न करता येते. माझा धाकटा दीर असता तरी मी त्याला इतके मानले नसते.

नाताळच्या आठवड्यात अंबरनाथला हॉल घेऊन पहिला खेळ लावला. मंडळीचे लोक, मांजर्लीचे लोक, हितेश, राजेसाहेब कोंडाजी, सगळा हॉल भरला. प्रोजेक्टरवर चंदू. तिसरा अध्याय संपला, निनवे वाचले, आणि चंदूने सिनेमा बंद करून दिवे लावले! टाळ्यांचा कडकडाट झाला. मी खुर्चीवरून उठून ओरडत होते की अजून आहे, अजून आहे, पण माझा आवाज कोणाला? श्री. आढाव यांनी स्टेजवर जाऊन "किती सुंदर शेवट" असे भाषण केले आणि चंदूच्या खांद्यावर शाल घातली. त्याने घेतली. माझ्या इतक्या वर्षांच्या मेहनतीवर दिवे लावून वर शाल घेतली मेल्याने!

त्या दिवसापासून मी त्याच्याशी एक शब्द बोललेले नाही. बाकी सगळ्यांनी त्याला माफ केले, म्हणजे मुळात कोणी रागावलेच नव्हते. नाताळचा फराळ मी त्याच्या घरीही पाठवते, रीत सोडत नाही. फक्त त्याच्या ताटातल्या करंज्यांत सारण घालत नाही. तो मुकाट्याने खातो आणि रिकामे ताट पाठवू नये म्हणून त्यात सुके बोंबील घालून परत पाठवतो. माझ्यामागे तेजस्वीने ही प्रथा चालू ठेवावी. बोंबील चांगले असतात.

७. 'योना'ची मूळ प्रत, तिचे सर्व हक्क आणि दाखवण्याचा अधिकार कोणाला द्यावा यावर मी पुष्कळ विचार केला. तेजस्वी त्याचे तुकडे करून मोबाईलवर टाकेल, माशाला गाणे लावेल आणि वर विचारेल की मावशी, लाईक्स बघितलेस का. म्हणून नाइलाजाने हा सिनेमा आमच्या मंडळीला देते. माणसे मरतात, मंडळी टिकते. अटी अशा की, सिनेमा दाखवताना चारही अध्याय दाखवावेत, म्हशींसकट. शेवटी एकही शब्द, गाणे किंवा गुडघे जोडू नयेत. एकही म्हैस कापली गेल्यास मंडळीचा हक्क त्याच क्षणी कापला जाईल. त्या अटी मंडळी पाळेल असे मला वाटत नाही. पण दुसरे देणार कोणाला?

८. माझ्या दफनाच्या वेळी पाळकसाहेबांनी थोडक्यात बोलावे. 'मनमिळाऊ स्वभावाच्या' हे शब्द वापरू नयेत, कबरीपाशी खोटे बोलणे बरे नव्हे. रडणाऱ्यांनी रडावे, पण व्हिडिओ काढू नये. काढलाच तर आडवा काढावा.

९. हे कलम वरचे सर्व वाचून झाल्यावर वाढवले आहे.

हे मृत्युपत्र आज माझ्या घरी अॅड. जिज्ञासा यांनी मोठ्याने वाचले. साक्षीसाठी शेजारच्या वृंदाताई आणि चंदू असे दोघे समोर होते. चंदूला मी वृंदाताईंकरवी मुद्दाम बोलावून घेतले होते. आपल्याला काही दिलेले नाही हे त्याने स्वतःच्या कानांनी ऐकावे आणि खाली स्वतःच्या हाताने सही करावी, असा माझा बेत होता. बेत उत्तम होता. म्हशींना तो हसला. करंज्यांनाही हसला. सहावे कलम खाली मान घालून ऐकले. सातव्याला मात्र मध्येच बोलला.

"त्यान्ला नको देऊ वहिनी. कापतील."

इतक्या वर्षांत मी त्याला दिलेले पहिले उत्तर असे होते: "कापण्याबद्दल तू बोलतोस?"

"मी कापला नाय. थांबवला. चौथा अध्याय माझ्याकडं हाय तसा हाय, येक फ्रेम हलवली नाय."

"लोक घरी गेले ना तिथूनच? मग फरक काय पडला?"

तो म्हणाला, "आय पयल्या रांगेत बसली होती."

वकीलबाईंना यातले काही कळले नाही. मलाही लगेच कळले नाही. त्या पहिल्या खेळाच्या आधीच्याच दिवाळीत चंदूचा थोरला भाऊ काविळीने गेला होता. मी स्वतः मांजर्लीला भेटून आले होते, पुतळाबाई तेव्हा कोणाशी बोलत नव्हत्या की जेवत नव्हत्या. जरा घराबाहेर पडेल, चार माणसांत बसेल, म्हणून चंदूने तिला सिनेमाला आणले होते.

"शूटिंगला हसली होती ती," चंदू म्हणाला. "तवा दादा होता. येक पोर मातीत गेला तिचा, आन दुसरा भिंतीयेवढा होऊन मरन मागतोय. दोनदा मागतोय वहिनी. ते तिनं बघायचा? माझा हात आपोआप गेला बटनावर."

"आणि शाल?"

"तिच्या अंगावर घातली. थंडी वाजत होती तिला."

"मग हे मला तेव्हाच सांगायला काय झालं होतं?"

"तू बोलत होतीस का माझ्याशी?"

वृंदाताई उगाच पदराशी चाळा करीत बसल्या. मला चंदूचा राग आलेला आहे आणि तो अजूनही आहे. मेहनत माझी होती, विचारायला हवे होते. पण रात्रंदिवस ते पुस्तक तोंडपाठ म्हणणारी मी, आणि ते कोणाला कधी दाखवू नये हे कळले त्याला. याचा मला जास्त राग आला.

वकीलबाईंनी वाचन संपवले. चंदूने साक्षीदाराच्या जागी सही करायला पेन उचलले. मी विचारले, "वकीलबाई, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येतं का?"

त्या म्हणाल्या, "नाही. दिलं तरी ते बाद होतं."

"मग याचं नाव खोडा."

चंदूने पेन हातात तसेच धरून विचारले, "वहिनी, म्हंजे माफ केलास?"

मी म्हटले, "पेन खाली ठेव."

तर आता लिहून ठेवते की, 'योना' या सिनेमाची मूळ प्रत, सर्व हक्क आणि दाखवण्याचा अधिकार श्री. चंदू भोपी यांस द्यावा. सहावे आणि सातवे कलम खोडून मृत्युपत्र नव्याने टाईप करावे असा वकीलबाईंचा आग्रह होता. मी खोडू देत नाही. दोन कलमांचे एकमेकांशी पटत नसेल तर शेवटचे धरतात, असे त्यांनीच सांगितले. राग वर राहू दे, तो खरा होता.

अटी सातव्या कलमातल्याच: चारही अध्याय, म्हशींसकट, आणि शेवटी काहीही जोडू नये. त्यात माझ्याकडून एक भर घालते. हॉलमध्ये पुतळाबाई बसलेल्या असतील, तर तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी सिनेमा थांबवावा आणि दिवे लावावेत.

हे मृत्युपत्र मला वाचून दाखवले, ते माझ्या इच्छेप्रमाणे आहे, म्हणून खाली सही करते.

सही: विनिता शिवराम रणनवरे

साक्षीदार १: सौ. वृंदा रामभाऊ तरे, शेजारी, कात्रप

साक्षीदार २: चंदू भोपी, मांजर्ली (हे नाव माझ्या सांगण्यावरून खोडले आहे. वि. शि. र.)

साक्षीदार २: श्री. रामभाऊ तरे, वृंदाताईंचे यजमान. अंघोळ अर्धवट टाकून आले, त्याबद्दल आभार.

ठिकाण: बदलापूर पूर्व
दिनांक: २२ नोव्हेंबर २०२५